बावीसचं ॲव्हरेज

बाबगोंडांच्या कार्डाला उत्तर लिहायचं राहून गेलं, असं कृष्णातराव स्वतःलासुद्धा सांगू शकत नव्हते. राहून जायला आधी विसरावं लागतं, आणि ते कार्ड ते एक दिवसही विसरले नव्हते. आल्या दिवशी दोनदा वाचून त्यांनी ते शब्दकोशात ठेवलं. त्याला आता आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत त्यांनी शब्दकोश उघडला नव्हता. एखाद्या शब्दाचा अर्थ अडला तर तो तसाच अडलेला ठेवून ते पुढं वाचत.

कार्डात फार काही नव्हतं. 'कृष्णात यास नमस्कार. गाडी बरी असेल. एक काम कर. गाडी लिटरला किती देते ते कार्डावर लिहून पाठव. मी बावीस सांगतो ते घरात कुणाला पटत नाही. सूनबाई तोंडावर पदर धरून हसते. तू खोटे लिहीत नाहीस हे इथे सर्वांना ठाऊक आहे. तुझे कार्ड आले की सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावतो. लवकर लिही. बाबगोंडा.'

बाबगोंडा मगदूम म्हणजे कबनूरचे. त्यांचे चोवीस यंत्रमाग होते. कृष्णातराव इचलकरंजीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते तेव्हा बाबगोंडा रोज संध्याकाळी मागाच्या शेडमधून सुटून वाचनालयात येऊन बसत. पुस्तक त्यांनी आयुष्यात एकही नेलं नाही. ते म्हणत, "हितं आवाज नसतोय, म्हणून येतोय." एकाला बोलायची लाज आणि दुसऱ्याला मागांच्या खडखडाटानं ऐकू कमी, अशी ती मैत्री तीस वर्षं उत्तम चालली. फोनवर बाबगोंडांना काही कळत नसे. म्हणून ते कार्ड लिहीत.

दोन वर्षांमागं मोतीबिंदूमुळं बाबगोंडांचं गाडी चालवणं बंद झालं. मुलानं मोठी गाडी घेतली आणि जुनी पांढरी छोटी गाडी भंगारात घालायचं ठरवलं. तेव्हा बाबगोंडांनी ती, निवृत्तीनंतर कोल्हापुरात राहायला आलेल्या कृष्णातरावांच्या दारात आणवून उभी केली. किल्ली हातात देताना ते मोठ्यांदा म्हणाले, "बावीस देते लेका. चांगलं चालवणाऱ्याला बावीस देते."

त्या 'चांगलं चालवणाऱ्याला'नं कृष्णातरावांचा घात केला.

कार्ड आल्यावर त्यांनी टाकी काठोकाठ भरली, हुपरीपर्यंत सपाट रस्त्यानं चाळीसच्या वेगात जाऊन परत आले, पुन्हा टाकी भरली आणि भागाकार केला. बारा आले. त्यांनी भागाकार पुन्हा केला. मग हुपरीची खेप पुन्हा केली. तिसऱ्या खेपेला तर काचा बंद करून आणि श्वाससुद्धा जपून घेत गेले. तरी बाराच.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, की गाडीत दोष आहे. कृष्णातरावांना कशातही दोष दिसला की तो आपलाच असणार, असं लहानपणापासून वाटत आलेलं. क्लच उशिरा सोडत असू, पाय जड पडत असेल. मित्रानं अठरा वर्षं बावीसवर ठेवलेली गाडी आपण दीड वर्षात बारावर आणली.

"मग बारा लिवा की!" त्यांच्या पत्नी हौसाबाई म्हणाल्या. त्या भाकरी थापत होत्या.

"त्याला वाईट वाटेल गं. चारचौघांत वाचणार आहेत."

"मग बावीस लिवा."

"खोटं कसं लिहू? मी खोटं लिहीत नाही, असं त्यानंच लिहिलंय."

हौसाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "मग गाडीलाच सांगा बावीस द्याला. माझं डोस्कं खाऊ नका."

कृष्णातरावांना ही सूचना पटली.

त्यांनी एका जुन्या मासिकातला लेख शोधून काढला. गाडीचं वजन कमी केलं आणि वाऱ्याचा अडथळा घटवला की इंधन वाचतं, असं त्यात सविस्तर दिलं होतं. लेख घेऊन ते उद्यमनगरात अमरसिंह मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. तिथं चार माणसं बोलत होती. चार माणसांसमोर बोलायचं कृष्णातरावांना जमत नाही. म्हणून त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून पुढं केली. चिठ्ठी ते घरूनच लिहून घेऊन गेले होते.

अमरसिंहांनी ती साऱ्या शेडला ऐकू जाईल अशी वाचली. "'गाडी हलकी करावी. वाऱ्याला अडणार नाही अशी करावी. बाकी आपणांस योग्य वाटेल ते.'" मग त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली. "बाकी आपणांस योग्य वाटेल ते! पावणं, वीस वर्षं झाली गॅरेज घालून. असं गिऱ्हाईक बघितलं न्हाय!"

उद्यमनगराची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याच्या अंगावर इथं काटा येईल. जगातला कुठलाही भाग तिथं सकाळच्या चहानंतर लेथवर घेतात आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत बसवून मोकळे होतात. अशा माणसांना काम सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं. म्हणून तिथं जाणारा शहाणा माणूस पहिलं वाक्य म्हणतो, "एवढंच करा, बाकी कशाला हात लावू नका." कृष्णातरावांनी नेमकं उलटं लिहून दिलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात. अमरसिंहांनी ती चिठ्ठी भिंतीवर देवाच्या फोटोखाली खिळ्याला अडकवली.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. मागचं सीट नव्हतं. खालचं मॅटिंग, जादा चाक, जॅक, यांतलं काही नव्हतं.

"सीट कुठं आहे?" कृष्णातरावांनी हळूच विचारलं.

"माळ्यावर ठेवलंय. निम्मी गाडी उतरवलीय बघा. आता पळवा!"

त्याच रविवारी हौसाबाईंच्या थोरल्या बहिणीला हुपरीला सोडायचं होतं. बहीण मोठी म्हणून मान तिचा, तेव्हा ती पुढं बसली. हौसाबाई मागं जेवणाचा पाट टाकून त्यावर बसल्या आणि दोन्ही हातांनी पुढचं सीट धरून गेल्या.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, "हळदीला बसवल्यागत नेलंसा मला. रस्त्यानं माणसं बघत हुती. आता अक्षता तेवढ्या टाकायच्या ऱ्हायल्या!"

कृष्णातरावांनी मान खाली घातली. पण ॲव्हरेज तेरा आलं होतं. एकानं का होईना, वाढलं होतं. उरलेलं नऊ आपण पाय सुधारून वाढवू, या विचारानं ते अमरसिंहांचे आभार मानायला गेले. तिथंच चुकलं.

"तेरा?" अमरसिंहांचा चेहरा पडला. "माझ्या हातनं तेरा? ओ काका, उद्यमनगरात तोंड दाखवायला जागा ठेवा की जरा! आना हिकडं ती किल्ली."

कृष्णातरावांच्या ओठांवर 'नको' आलं होतं. त्यांचं 'नको' नेहमी ओठांपर्यंत येतं आणि बाहेर पडताना त्याचं 'बरं' होतं. ते "बरं" म्हणाले.

या वेळी वाऱ्याचं काम झालं. पुढं जमिनीलगत एक पत्र्याचा ओठ आला, मागं डिकीवर शेपटी आली, आणि स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली गेली. सगळं अमरसिंहांनी स्वतः घडवलेलं. उद्यमनगरात हलकं काही घडवत नाहीत. त्या शेपटीवर दोन माणसं उभी राहून पाहिली होती. त्यामुळं पुढच्या दारानं गेलेलं वजन डिकीवरून परत आलं.

"वारा कसा कापतीया बघा!" अमरसिंह म्हणाले.

वारा ती कापत असेल. स्पीडब्रेकर मात्र तिला ओलांडता येईना. कृष्णातराव राहतात त्या राजारामपुरीत गल्लीगणिक एक स्पीडब्रेकर आहे. प्रत्येकापाशी हौसाबाई खाली उतरत, गाडी तिरकी होऊन कण्हत पलीकडं जाई, आणि हौसाबाई चालत येऊन पुन्हा बसत. तिसऱ्या स्पीडब्रेकरला भाजीवालीनं त्यांना विचारलं, "काकू, मालकासंगट भांडण झालंय काय? सारखं उतरताय, बसताय!"

"भांडण न्हवं बाई. गाडीला डोहाळं लागल्यात."

त्या दिवसापासून कृष्णातराव स्पीडब्रेकर नसलेल्या रस्त्यांनी जाऊ लागले. असा रस्ता शोधत मंडईला जायचं तर निम्म्या कोल्हापुराला वेढा पडे. ॲव्हरेज दहावर आलं. अमरसिंह म्हणाले, इंजनाला दम लागतोय, श्वास मोकळा केला पाहिजे. त्यांनी हाताच्या मनगटाएवढ्या नळीचा सायलेन्सर बसवला. आता गाडी सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहत. गाडीला शोभा नाही म्हणून रुंद चाकं बसवली. चाकं आत घासू लागली म्हणून पत्रा कापून बाहेर काढला. आता इतके पत्रे इतक्या तऱ्हांचे झाले, की रंग देणं भागच पडलं.

"रंग पहिलाच द्या. पांढरा," कृष्णातराव फोनवर म्हणाले. आठ महिन्यांतला हा त्यांचा पहिला स्पष्ट शब्द.

"पांढरा त्या शेपटीला खुलत न्हाय ओ काका."

कृष्णातरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"...बरं."

गाडी आली ती पोपटी. पेंटरकडं एका टेम्पोचा तो रंग उरला होता. दोन्ही बाजूंना तांबड्या ज्वाळा होत्या. बॉनेटवर वाघ होता. आणि कृष्णातरावांबद्दल आदर दाखवायला म्हणून, काका आधी काय करत होते याची चौकशी करून, मागच्या अख्ख्या काचेवर ज्वाळांच्याच अक्षरांत लिहिलं होतं: ग्रंथपाल.

"कसं वाटतंय?" अमरसिंहांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरोखरच होतं. असं काम त्यांनीही कधी केलं नव्हतं.

"छान आहे," कृष्णातराव म्हणाले, आणि घरापर्यंत मान इतकी खाली घालून गाडी चालवली की समोरचा रस्ता स्टिअरिंगच्या चाकातून बघावा लागला. सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी थांबला. त्यानं छातीवर हात ठेवून नमस्कार केला. "ग्रंथपाल! काढा की एक आवाज!" मागं बसलेल्यानं त्याला विचारलं, "कुठल्या तालमीचा हाय रे ग्रंथपाल?"

ॲव्हरेज नऊ.

आता कार्डात काय लिहायचं, याचा विचारच करवत नव्हता. बारा लिहायला जो माणूस लाजला, तो नऊ कसं लिहिणार? आणि गाडी कशी आहे, हे तर त्याहून लिहिता येण्यासारखं नव्हतं. कृष्णातरावांनी गाडीवर कव्हर घातलं. शेपटीनं ते दुसऱ्या दिवशी फाडलं, आणि फाटक्या जागेतून नेमकी 'ग्रंथ' एवढीच अक्षरं रस्त्याकडं बघत राहिली.

मग एका मंगळवारी बाबगोंडांच्या सूनबाईंचा फोन आला.

"काका, अनुजा बोलत्ये. आप्पा उद्या कोल्हापूरला येणार हायत, डोळ्याच्या डॉक्टरकडं. मोतीबिंदू काढलाय न्हवं का? आता लांबचं लख्ख दिसतंय त्यांना."

"लख्ख?" कृष्णातरावांनी विचारलं. मित्राची नजर परत आली हे ऐकून आपल्याला वाईट वाटावं, याची त्यांना फार लाज वाटली.

"लख्ख. डॉक्टरचं नुस्तं निमित्त हाय. त्यास्नी गाडीत बसायचंय. स्टँडवर गाडी घेऊन या म्हनलेत. आन् काका..." अनुजा थांबली. "तुमचं कार्ड न्हाय आलं. आप्पा काय बोलत न्हाईत, पर पोस्टमन दिसला की उठून उभं ऱ्हातात."

कृष्णातरावांना रात्रभर झोप आली नाही, हे सांगायला नको.

सकाळी ते गाडी घेऊन निघाले, पण स्टँडवर नेण्याचं धाडस झालं नाही. स्टँडच्या पलीकडं एका बोळात, रसवंतीच्या आडोशाला, त्यांनी ती उभी केली. मित्राला रिक्षानं दवाखान्यात न्यायचं, रिक्षानं जेवायला घरी आणायचं, रिक्षानं परत सोडायचं. गाडीबद्दल विचारलं तर काय सांगायचं, ते त्यांनी वाटेत चार वेळा मनाशी म्हणून पाहिलं होतं.

कबनूरची एसटी लागली. बाबगोंडा उतरले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि नवीन चष्म्यातून जगाकडं बघणारे दोन मोठे डोळे.

"कृष्णाता!" ते ओरडले. कमी ऐकू येणारा माणूस बोलतो तितक्या मोठ्यांदा. "लेका, वाळलास की रे! गाडी कुठं हाय?"

"सर्व्हिसिंगला दिलीय," कृष्णातराव पुटपुटले.

"काय?"

"सर्व्हिसिंगला दिलीय."

"मोठ्यानं बोल की!"

"सर्व्हिसिंगला दिलीय!" कृष्णातराव ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते चारचौघांत ओरडले होते, आणि तेही खोटं. दोन रिक्षावाले वळून बघू लागले.

बाबगोंडांचा चेहरा उतरला. "आसूंदे," एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात पलीकडून भोंग्याचा आवाज आला. वाहतूकवाल्यांची क्रेन होती. "पोपटी गाडीवालं! मागं ग्रंथपाल लिवलेली पोपटी गाडी! कुनाची आसंल त्यानं काढून घ्या! पोपटी गाडी, ग्रंथपाल!"

कृष्णातराव जागचे हलले नाहीत. धावावं तर आत्ताच ओरडून सांगितलेलं खोटं पडत होतं, न धावावं तर गाडी जात होती. त्यांनी गाडी जाऊ दिली. एवढं कशाला, ते उलट्या दिशेला बघू लागले, जणू त्या बाजूच्या भिंतीवर फार महत्त्वाचं काही लिहिलं होतं.

"ग्रंथपाल?" बाबगोंडा म्हणाले. भोंग्यावरचं त्यांना नीट ऐकू आलं होतं. "तुमच्यातला दुसरा कोण हाय काय रे हितं?"

"असेल कोणीतरी."

क्रेन त्यांच्या समोरूनच वळली. पुढून उचललेली पोपटी गाडी मागं लोंबत होती, खालच्या पत्र्याचा डांबराशी खरवड खरवड आवाज होत होता आणि ठिणग्या उडत होत्या. पुढं वाघ आभाळाकडं बघत होता. बाबगोंडांनी कौतुकानं मान हलवली. "कुण्या येड्याची हाय कुणास ठाऊक." मग त्यांची नजर नंबरप्लेटवर गेली. सगळं बदललेल्या त्या गाडीत अमरसिंहांनी तेवढीच एक गोष्ट पूर्वीची ठेवली होती, कारण ती बदलायला कायदा आड येतो.

बाबगोंडांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला.

"कृष्णाता."

"हं."

"ही माझी गाडी हाय."

बाबगोंडांनी त्यांचं मनगट धरलं आणि दोघं रिक्षात बसले. क्रेनच्या मागोमाग रिक्षा निघाली. सबंध वाटभर त्यांच्यासमोर ती मागची काच होती, आणि दोघांनाही दुसरीकडं बघायला जागा नव्हती.

वाहतूक शाखेच्या आवारात गाडी खाली ठेवली तेव्हा भोवती दहा-बारा माणसं जमली होती. हवालदार वही घेऊन आला. "ग्रंथपाल कोन?"

कृष्णातरावांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

हवालदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरे केस, जाड भिंगं, खिशाला दोन पेनं. "मला वाटलं, तालमीतला कोण गडी आसंल. काका, ह्या वयात?"

"हो," कृष्णातराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"पंधरा दिवसांत सगळं हुतं तसं करायचं. शेपटी, सायलेन्सर, समदं. न्हाय तर पुढल्या खेपंला गाडी परत मिळायची न्हाय. वाघ ऱ्हाऊंदे, वाघाला काय हरकत न्हाय."

बाबगोंडा एव्हाना गाडीभोवती एक फेरी मारून आले होते. आत डोकावून त्यांनी मागचं सीट शोधलं, तिथं पाट दिसला. पाटाकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग कृष्णातरावांपुढं येऊन उभे राहिले. कृष्णातरावांना वाटलं, आता किल्ली परत मागेल. मागितली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"किती देते?" बाबगोंडांनी विचारलं.

"नऊ."

"काय?"

"नऊ!"

"मोठ्यानं बोल, ऐकू येत न्हाय!"

"नऊ देते!" कृष्णातराव सगळ्या आवारासमोर ओरडले, आणि एकदा आवाज सुटल्यावर तो आवरेना. "आधी बारा देत होती! तुझी बावीसची गाडी मी बारावर आणली! मला चालवता येत नाही! तुला काय लिहू, म्हणून लिहिलंच नाही! बावीस व्हावी म्हणून हे सगळं केलं, आणि आता नऊ देते!"

हवालदारानं वही मिटली. दोन रिक्षावाले, एक चहावाला आणि पावती फाडायला आलेली माणसं, सगळी त्यांच्याकडं बघत होती.

बाबगोंडा मात्र त्यांच्याकडं बघत नव्हते. ते जमिनीकडं बघत होते.

"बारा देत हुती?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"लेका, मग चांगली चालवलीस की. मला अकराच्या वर कधी गेली न्हाय."

कृष्णातरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आता त्यांनी विचारलं, "काय?"

"अकरा!" बाबगोंडा ओरडले. त्यांना हळू बोलताच येत नव्हतं. जन्मभर लपवलेली गोष्ट ते साऱ्या वाहतूक शाखेला ऐकवत होते. "मला ज्यानं विकली त्यानं बावीस सांगितलं हुतं! मी घरात येऊन बावीस सांगितलं! मागाच्या शेडमधल्या गड्यांस्नी सांगितलं, पावण्यांस्नी सांगितलं! आठ दिवसांनी मोजली तर अकरा! आता चोवीस मागांचा मालक परत अकरावर कसा येणार रे? म्हणून हातकणंगल्याला जाऊन गुपचूप पेट्रोल भरायचो. अठरा वर्षं!"

"आणि मला कार्ड लिहिलंस ते?"

बाबगोंडांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पोरं लई चिडवायला लागली. वाटलं, कृष्णात खोटं लिवत न्हाय, पर माझ्यासाठी एकडाव लिवंल. आन् तू लिवलंच न्हाईस. म्हटलं, पकडलं बाबा ह्यानं आपल्याला. मैत्री ऱ्हावी म्हणून गप्प बसलाय. आठ म्हैने तुझ्यापुढं यायचं तोंड नव्हतं मला. आज डोळ्याच्या निमित्तानं आलो, ते म्हटलं, माफी मागून टाकू."

"आजोबा," हवालदार मध्येच म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. माझी बी नवी हाय, दहाच देत्या. घरात मी अठरा सांगितलंय."

कुणीतरी हसलं. मग चहावाला हसला. मग बाबगोंडाच हसले, आणि हसता हसता गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चालीव. आवाज तरी ऐकू दे. डॉक्टर म्हंत्यात कानाला मशीन लावा, आदी ह्यो ऐकू येतोय का बघू."

कृष्णातरावांनी किल्ली फिरवली. आवारातली कबुतरं उडाली.

"ऐकू आलं!" बाबगोंडा आनंदानं ओरडले. "लख्ख ऐकू आलं!"

जेवणात हौसाबाईंनी मटणाचा पांढरा रस्सा केला नव्हता, कारण मगदूम शाकाहारी. वांग्याची भाजी होती. बाबगोंडांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि पाटावर बसून गावभर फिरल्याबद्दल हौसाबाईंना हात जोडले. संध्याकाळी स्टँडवर एसटीच्या खिडकीतून ते म्हणाले, "कार्डाचं डोक्यातनं काढून टाक. न्हाय लिवलंस तरी चालंल. माझी मी सांगीन घरात, अकरा म्हणून. हसू देत."

पण ते सांगणार नाहीत, हे कृष्णातरावांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. अठरा वर्षांनी माणूस अकरावर येऊ शकत नाही. अनुजा हसेल, आणि हे उठून पोस्टमनची वाट बघत उभे राहतील.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. कोरं कार्ड पुढं घेतलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका पेन्सिलीनं समासात दाखवल्या होत्या. आपल्या हातानं जाणूनबुजून चूक लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी 'बावीस' लिहिलं. वाचून पाहिलं. ते फारच खोटं वाटलं. इतका नेमका जुळणारा आकडा खऱ्या आयुष्यात येत नाही, आणि अनुजा हुशार मुलगी आहे. त्यांनी ते कार्ड फाडलं आणि दुसरं घेतलं.

"काय लिवताय एवढं?" हौसाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"उत्तर."

हौसाबाई हात पुसत आल्या आणि खांद्यावरून वाकून वाचू लागल्या. त्यांना अक्षर जुळवायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर त्यांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज आला.

कृष्णातराव चप्पल घालून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी गेले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी त्यांनी दोन्हीकडं पाहिलं. मग दिव्याखाली कार्ड धरून एकदा शेवटचं वाचलं:

'प्रिय बाबगोंडा यास सप्रेम नमस्कार. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. गाडी तीन वेळा मोजून पाहिली. तू म्हणतोस तशी ती बावीस देत नाही, हे लिहिताना वाईट वाटते. साडेएकवीसच देते. दोष माझ्या चालवण्याचा असावा. कृष्णात.'

त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.